विटा पाडण्यापासून विमानं उडवण्यापर्यंत: दुसऱ्या महायुद्धातलं टस्कीगी कॉलेज

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचलं असेल, तर टस्कीगी हे नाव तुमच्या ओळखीचं असेल. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी जिथं आयुष्यभर शेतीशास्त्र शिकवलं, ती ही अमेरिकेच्या अलाबामा राज्यातली संस्था. दुसऱ्या महायुद्धात याच संस्थेनं लष्करासाठी वैमानिक घडवले.

सुरुवात कशी झाली?

१८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगीची धुरा सांभाळली. गुलामगिरी संपून तेव्हा १६ वर्षंच झाली होती. कृष्णवर्णीय मुलांच्या हाताला कसब मिळालं की समाजात मानही मिळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. इथले विद्यार्थी स्वतः विटा पाडायचे आणि त्याच विटांनी कॉलेजच्या इमारती उभ्या करायचे.

कॉलेज विमानांकडे कसं वळलं?

१९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटलं. गरज पडली तर वैमानिक हाताशी असावेत म्हणून अमेरिकन सरकारनं कॉलेजांमधून नागरी वैमानिक तयार करायची योजना आणली. टस्कीगीचे तेव्हाचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी अर्ज केला आणि कॉलेजचा योजनेत समावेश झाला.

लष्कराच्या हवाई दलात मात्र तोवर एकही कृष्णवर्णीय वैमानिक नव्हता. लष्कराच्याच १९२५ च्या एका अहवालानं कृष्णवर्णीयांना बुद्धी आणि धैर्यात कमी ठरवलं होतं. दबाव वाढल्यावर १९४१ मध्ये लष्करानं त्यांच्यासाठी वेगळी तुकडी काढली. प्राथमिक उड्डाण शिकवण्याचं कंत्राट टस्कीगीला मिळालं. त्यासाठी मोटन फील्ड हा विमानतळ उभा राहिला. ‘चीफ’ या नावानं ओळखले जाणारे चार्ल्स अँडरसन हे तिथले मुख्य प्रशिक्षक होते. पुढचं प्रशिक्षण जवळच्याच लष्करी तळावर व्हायचं.

निकाल काय लागला?

पहिल्या तुकडीत १३ जण होते. मार्च १९४२ मध्ये त्यातले ५ जण उत्तीर्ण झाले. १९४६ पर्यंत हा आकडा ९९२ वर गेला. त्यांच्यामागे मेकॅनिक, पॅराशूट तयार ठेवणारे, नर्स अशी हजारो माणसं होती. उत्तर आफ्रिका आणि इटलीतून हे वैमानिक लढले. ‘टस्कीगी एअरमेन’ हे नाव पुढं सगळ्यांनाच लागू झालं.

मग वाद कशाचा होता?

वेगळा तळ म्हणजे भेदभावावर शिक्कामोर्तब, असं अनेक कृष्णवर्णीय नेत्यांचं मत होतं. युद्ध खात्यातले सल्लागार विल्यम हेस्टी यांनी हवाई दलातल्या या वागणुकीच्या निषेधार्थ १९४३ मध्ये राजीनामा दिला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं, ही संधी सोडली तर दुसरी कधी मिळणार?

युद्धानंतर काय झालं?

१९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. प्रवासी विमान कंपन्यांची दारं मात्र बंदच राहिली. मार्लन ग्रीन हे हवाई दलातले माजी कृष्णवर्णीय वैमानिक. ते टस्कीगीचे नव्हते, पण त्यांनाही याच भिंतीला धडक द्यावी लागली. कॉन्टिनेन्टल एअरलाइन्समधल्या नोकरीसाठीची त्यांची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९६३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. टस्कीगीची पहिली तुकडी बाहेर पडून तेव्हा २१ वर्षं उलटली होती.