१७६६३१९०४९ : एका ज्येष्ठमूलाचा इतिहास

कोणत्या पूर्ण संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता बेरीज पूर्ण वर्ग होते? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात (इ. स. ११५०) चक्रवालाच्या विवेचनात हे उदाहरण येते. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० असून बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे ज्येष्ठमूल, १,७६,६३,१९,०४९ होय. गुणकास, म्हणजे प्रकृतीस, ६० किंवा ६२ घेतले तर लघुतम ज्येष्ठमूल अनुक्रमे ३१ व ६३ एवढेच येते. शंभराच्या आतील दुसऱ्या कोणत्याही प्रकृतीचे लघुतम ज्येष्ठमूल इतके मोठे नाही. तेव्हा ६१ ची निवड सहज घडली असेल असे मानणे कठीण आहे. अनेक प्रकृती पडताळून पाहिलेल्या गणित्याचीच ती दिसते.

कृती पाहण्याजोगी आहे. ८ च्या वर्गातून ६१ वजा जाता ३ हा क्षेप उरतो. तेथून चक्रवालाच्या एकाच आवर्तनात कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ व क्षेप ऋण ४ मिळतात. पुढे ब्रह्मगुप्ताची (इ. स. ६२८) भावना, म्हणजे दोन उत्तरांच्या संयोगाने तिसरे मिळविण्याची रीत, उपयोगी पडते. मुळे दोनाने भागून भावना करीत गेले की ३८०५ व २९७१८ ही मुळे येतात, क्षेप ऋण १. त्यांची स्वतःशीच भावना केली की इष्ट उत्तर हाती येते. संख्येची घडणही या वाटेनेच उलगडते: तीतून १ वजा केल्यास २९७१८ च्या वर्गाची दुप्पट उरते, १ मिळविल्यास ३८०५ च्या वर्गाची १२२ पट होते.

चाळीसगावजवळील पाटण येथे इ. स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे. चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. याच परिसराशी ग्रंथाचा संबंध पुन्हा एकदा, अगदी वेगळ्या मार्गाने, आला. १६३४-३५ मध्ये ‘बीजगणिता’चे फार्सी भाषांतर करून शाहजहानास अर्पण करणारा अताउल्ला रशीदी हा उस्ताद अहमद लाहोरी याचा पुत्र; आपल्या शहरातील बीबी का मकबऱ्याचा स्थपती अताउल्ला तोच.

मकबऱ्याचे काम चालू असतानाच्याच दशकात, १६५७ साली, फर्माने फ्रेनिकलला ६१ व १०९ या प्रकृतींचे प्रश्न घातले, तेही लहान संख्या म्हणून! इंग्लंडात ब्राउंकरने रीत शोधली. ऑयलरच्या चुकीने समीकरणास पेलचे नाव चिकटले. फर्माने हिंदी ग्रंथांतून काही घेतल्याचा पुरावा नाही, आणि तसे सुचविण्याचा मोह आवरावा. दोघांनी स्वतंत्रपणे ६१ वरच बोट ठेवावे, हे मला अधिक अर्थपूर्ण वाटते. मात्र अशा प्रश्नास प्रत्येक अवर्ग प्रकृतीसाठी उत्तर असतेच, याची सिद्धता ‘बीजगणिता’त नाही. ती लाग्रांजने १७६८ च्या निबंधात दिली.