सूर तोच, लय विलंबित

नव्वदच्या दशकात औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) जे लहानाचे मोठे झाले, त्यांना ‘व्हिडिओ गेम’ म्हटलं की एकच डबा आठवतो. दोन रिमोट, एक पिस्तूल आणि पिवळी नाहीतर काळी कॅसेट. कुणाकडे लिटल मास्टर, तर कुणाकडे नाव नसलेलाच. आत सगळ्यांच्या एकच गोष्ट : निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल.

अस्सल फॅमिकॉम मासायुकी उएमुरा यांनी घडवला आणि तो १९८३ च्या जुलैत जपानात आला. त्याच्या कॅसेटला ६० पिना होत्या. १९८५ मध्ये तोच खेळ अमेरिकेत गेला तेव्हा डबा बदलला, पिना ७२ झाल्या आणि कॅसेट ओळखणारी एक कुलूपवाली चिपही बसवली गेली. आपल्याकडचे नकली डबे जपानी वळणाचे, म्हणजे ६० पिनांचे. त्यामुळे अमेरिकेतल्या मामांनी कौतुकाने आणलेली करड्या रंगाची महागडी कॅसेट आमच्या डब्यात शिरलीच नाही! गल्लीतली स्वस्त कॅसेट मात्र फुंकर मारली की सुरू.

पण खरी गंमत पिनांची नाही, टीव्हीची आहे.

जपान-अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा, तर आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. आमच्या घरचा टीव्ही व्हिडिओकॉनचा. पैठण रोडवर चितेगावला त्यांचा कारखाना, त्यामुळे तो गावचाच वाटायचा. (ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, असो.) तर जपानी टीव्हीसाठी लिहिलेला खेळ या टीव्हीवर चालवायचा कसा?

निन्टेन्डोने युरोपसाठी वेगळा डबा काढला. त्यात मुख्य चिपचा वेग १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्झवर आला आणि चित्र काढणाऱ्या चिपशी तिचं जपानी गणित, एकास तीन, मोडलं. चित्राच्या एकेका ओळीला किती वेळ लागतो ते मोजून लिहिलेले जपानी खेळ तिथे अडखळायचे. पडदा थरथरायचा, चित्र मध्येच फाटायचं. म्हणून युरोपसाठी खेळ पुन्हा जुळवून घ्यावे लागत.

नकली डबेवाल्यांना हे परवडणारं नव्हतं. त्यांच्याकडे होत्या त्या जपानी खेळांच्या नकला, आणि त्या आहेत तशाच चालायला हव्या होत्या. तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल देशांसाठी जी चिपांची जोडी काढली, तिने वेग १.७७ मेगाहर्ट्झ ठेवला आणि एकास तीनचं गणितही सांभाळलं. जपानी चित्रात २६२ ओळी, पालमध्ये ३१२. या जास्तीच्या ५० ओळी अशा जागी घातल्या की खेळाला त्यांचा पत्ताच लागू नये. म्हणजे जपानी खेळांच्या बाबतीत ही नक्कल निन्टेन्डोच्या स्वतःच्या युरोपी डब्यापेक्षा सरस होती!

किंमत एकच मोजावी लागली. ६० च्या जागी ५०, म्हणून खेळ सहातला एक हिस्सा हळू. सुरांची पट्टी जवळजवळ तीच, पण लय विलंबित. शिवाय अशा बऱ्याच चिपांत आवाजाच्या दोन लहरींची अदलाबदल झालेली असायची, त्यामुळे सूर तेच असूनही वाद्य वेगळं वाटायचं.

भाच्याने मध्ये मला कॉम्प्युटरवर ‘खरा’ मारिओ ऐकवला. मला तो घाईत असल्यासारखा वाटला. भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही आयुष्यभर चुकीचं ऐकलंत.” मला ते पटलं नाही. हजारो घरांत ज्या लयीत तो वाजला, तीही इतिहासाचाच भाग आहे की!

पुढे सगळं एकाच चिपमध्ये बसवलेले स्वस्त डबे आले आणि सुसंगती घसरली. ‘कॅसल्व्हेनिया ३’सारखा खेळ, ज्याच्या कॅसेटमध्येच एक भारी चिप असते, तो अशा बऱ्याच डब्यांवर नीट चालत नाही. आणि बदकांचं पिस्तूल तर आजच्या सपाट टीव्हीवर आंधळंच. त्याला जुन्या काचेच्या टीव्हीतला किरण लागतो.

रशियात १९९२ पासून अशीच एक नक्कल ‘डेंडी’ नावाने विकली गेली. तिथे तिच्या आठवणी कुणीतरी जपल्या, चिपा मोजल्या, सगळं लिहून ठेवलं. म्हणून आज जुने खेळ चालवणाऱ्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये जपान, युरोप यांच्या जोडीला ‘डेंडी’ असा तिसरा पर्याय असतो. तो निवडला आणि आमच्या दिवाणखान्यातली लय जशीच्या तशी परत आली. आपल्या बालपणाचं बटण आहे, पण त्यावर नाव रशियन.

तेव्हा माळ्यावर असा डबा असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी चार स्क्रू काढा. चिपवरचा आकडा लिहून घ्या, एक फोटो काढा. दादा, तुझ्याकडचा अजून असेल तर आधी तोच उघडू या.