पूर्वीच्या पगाराची विचारणा

नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराला आधीच्या ठिकाणचा पगार विचारून त्या आकड्यावर नवा पगार बेतण्याची पद्धत. भारतात ती इतकी रुळली आहे, की ‘करंट सीटीसी’चा, म्हणजे सध्याच्या एकूण वार्षिक पगाराचा, रकाना भरल्याशिवाय अनेक ऑनलाइन अर्ज पुढेच सरकत नाहीत. मुलाखत झाली की एचआर मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागते आणि त्यावर अमुक टक्के ‘हाइक’ असा हिशोब मांडते. नव्या कामाचे मोल किती, याचा विचार त्यात राहूनच जातो.

या पद्धतीतला अन्याय अमेरिकेतील एका खटल्यात लख्ख दिसला. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो काउंटीच्या शिक्षण कार्यालयाने २००९ मध्ये एलीन रिझो यांना गणित सल्लागार म्हणून घेतले. तिथला नियम असा, की आधीच्या पगारात ५ टक्के मिळवायचे आणि वेतनश्रेणीतली जुळणारी पायरी द्यायची. ॲरिझोनात रिझो यांना वर्षाला सुमारे ५२ हजार डॉलर मिळत. वाढ धरूनही रक्कम श्रेणीच्या खालीच राहिली, म्हणून त्यांना पहिली पायरी मिळाली, ६२,१३३ डॉलरची. २०१२ मध्ये सहकाऱ्यांसोबत जेवताना कळले, की त्याच कामावर नव्याने आलेल्या एका पुरुषाला थेट नववी पायरी दिली होती. नियमात स्त्री-पुरुष असा शब्दही नव्हता. जुनी तफावत तो मुकाट्याने पुढे नेत होता. रिझो न्यायालयात गेल्या. नवव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचे तो जाहीर होण्यापूर्वीच निधन झाले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. २०२० मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा तेच ठरवले: १९६३ च्या समान वेतन कायद्यापुढे जुना पगार ही सबब चालणार नाही.

दरम्यान मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये ही विचारणाच रोखणारा कायदा केला. अशी राज्यव्यापी बंदी घालणारे ते पहिले राज्य. तो १ जुलै २०१८ पासून लागू झाला. कॅलिफोर्नियाने उमेदवाराने मागितल्यास वेतनश्रेणी सांगणेही बंधनकारक केले, आणि खरा उपाय तोच आहे, कारण नुसता प्रश्न बंद करून उमेदवाराच्या हाती काही येत नाही. मिशिगन व विस्कॉन्सिनने मात्र स्थानिक संस्थांना अशी बंदी घालण्यास मज्जाव केला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशात बंदी आणि वेतनाची आगाऊ माहिती ही दोन्ही कलमे आहेत.

भारतात १९७६ च्या समान वेतन कायद्याला सामावून घेणारी २०१९ ची वेतन संहिता वेतनातला लिंगभेद निषिद्ध ठरवते. जुना पगार विचारण्यावर मात्र तिच्यात कोणतीही आडकाठी नाही.