वेड घराण्यात असते काय?

सोयरीक जुळवताना गोंदिया-तिरोड्याकडे काय नि पुण्याकडे काय, एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातोच : "घरात कोणी वेडे तर नव्हते ना?" या प्रश्नाची मुळे आम्ही कागदांत शोधू गेलो, तो कागदांनीच आम्हांस प्रथम चकविले.

गोंदिया जिल्हा १९९९ च्या १ मे रोजी वेगळा झाला. त्यापूर्वी हा झाडीचा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतात वेड्यांची इस्पितळे दोन, नागपूर व जबलपूर; इकडच्यांना जवळचे नागपूरचे. १८५८ च्या कायद्याने भटक्या वा उपद्रवी वेड्यास पोलिसाने धरून मॅजिस्ट्रेटपुढे न्यावयाचे. रोग्याबरोबर जाणाऱ्या वर्णनपत्रात 'कारण' असा रकाना असे. तो भरणारा शिपाई रोग्याच्या आजोबांविषयी काय सांगणार? 'गांजा' लिहिणे सोपे! १८९३-९४ च्या सरकारी गांजा-भांग कमिशनने हिंदुस्थानातील १८९२ सालचे १,३४४ दाखले पाहिले. त्यांतील २२२ गांजा-भांगेच्या नावावर होते; चौकशीअंती ९८ च टिकले. तेव्हा वंशाबद्दल हे कागद मुके आहेत, असेच म्हटले पाहिजे.

शिवाय 'वेड' म्हणजे नेमके काय, हेही ठरले नव्हते. जर्मनीच्या क्रेपेलिनने १८९९ मध्ये दोन वाटा वेगळ्या केल्या. एकीत कानी नसलेले आवाज येतात, कोणी टपून आहे असा भ्रम जडतो, विचारांची साखळी तुटते. हिलाच ब्लॉयलरने १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया म्हटले. दुसरीत उन्माद व विषाद यांचे झटके येतात, आणि मध्यंतरी माणूस पुष्कळदा पूर्ववत शहाणा असतो.

पुढे र्‍यूडिनने १९१६ मध्ये रोग्यांची भावंडे मोजली. मेंडेलचे सरळ प्रमाण काही जुळेना. तरीही १९३३ च्या जर्मन सक्तीच्या निर्बीजीकरण कायद्याचे भाष्य लिहिण्यास हेच गृहस्थ पुढे! शास्त्राला अशी लाज क्वचितच आणली गेली असेल.

मग वंशाचा संबंध नाहीच काय? आहे. १९६६ मध्ये हेस्टनने स्किझोफ्रेनिक मातांपासून जन्मतःच दूर वाढलेली ४७ मुले तपासली. त्यांतील ५ जणांना तो रोग जडला होता, तुलनेच्या ५० जणांत एकालाही नाही. परंतु आईबापांपैकी एक रोगी असता मुलाला तो होण्याचा संभव सुमारे दहांत एक, म्हणजे दहांतली नऊ मुले सुटतात. एकबीज जुळ्यांतही एक आजारी पडला तर दुसरा निम्म्याहून अधिक वेळा निरोगी राहतो. 'आनुवंशिकता ऐंशी टक्के' या आकड्याचा अर्थ अनेकांना येथेच चुकतो. समाजातील माणसामाणसांतल्या फरकाचे ते माप आहे, एखाद्या मुलीचे भविष्य नव्हे. २०२२ च्या एका मोठ्या संशोधनात रोगाशी निगडित २८७ जनुकस्थाने सापडली; प्रत्येकाचा वाटा अगदी अल्प.

१९५५ च्या हिंदु विवाह कायद्याने अट घातली ती वधूवरांच्या स्वतःच्या मनःस्थितीची. मावशी-काकांची चौकशी त्यात नाही. १९७६ च्या दुरुस्तीत वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांबरोबर अपस्मारही घातला गेला. तो उल्लेख १९९९ मध्ये, गोंदिया जिल्हा झाला त्याच वर्षी, काढून टाकण्यात आला.