हंगामी कामगार, हंगामी कायदा

हिंगणघाटच्या जिनात माझी आजी दिवाळीपासून होळीपर्यंत रेच्यावर असायची. ओंजळीनं कापूस घालायचा. रुई एकीकडे, सरकी खाली. संध्याकाळी घरी यायची ती पांढऱ्या भुवया घेऊन. खोकल्याचं विचारलं की म्हणे, "हंगाम हाये बापा, खोकला होतेच."

कायदाही तिच्याच मताचा होता. 1881चा पहिला कारखाना कायदा शंभर माणसांच्या आणि वर्षात निदान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांपुरता. हंगाम त्याआधी आटोपला की जिन मोकळं! थोड्या दिवसांत सगळा कापूस उरकायचा म्हणून तिथं कामाचे तास सर्वांत लांब, आणि नेमकी तीच जागा वगळलेली. 1911मध्ये हंगामी कारखाने कायद्यात आले. पण बायांच्या रात्रपाळीला बंदी घालताना जिनिंग-प्रेसिंगला सूट ठेवली. 1925मध्ये जिनिंग-प्रेसिंगसाठी खास कायदा झाला. मी तो उत्सुकतेनं वाचला. कापसात भेसळ होऊ नये, प्रत्येक गाठीवर प्रेसचा शिक्का आणि क्रमांक असावा, ही त्याची मुख्य काळजी. गाठीची ओळख पक्की झाली, गाठ बांधणाऱ्याचं काय ते राहिलं. 1934च्या कायद्यानं बारमाही कारखान्याला आठवड्याचे 54 तास ठरवले, हंगामीला 60.

मालकानं मनावर घेतलं तर कायद्याची वाट पाहावी लागत नाही, हे शेजारी नागपुरात दिसलं होतं. टाटांच्या एम्प्रेस मिलनं 1886मध्ये पेन्शन फंड काढला, 1895मध्ये अपघात भरपाई सुरू केली. अपघात भरपाईचा सरकारी कायदा आला 1923मध्ये. पण ती बारमाही गिरणी. चार महिन्यांच्या माणसावर एवढा खर्च कोण करणार?

1948च्या कारखाना कायद्यानं हंगामी-बारमाही हा भेद मोडला. त्याच वर्षीच्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानं तो पुन्हा उभा केला. त्या विम्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा विकार, बिसिनोसिस, आहे. आणि विम्यातून वगळलेल्या हंगामी कारखान्यांत कापसाचं जिनिंग नावानिशी आहे. ही विसंगती मसुदा लिहिणाऱ्यांना खटकली नसेल, असं मला वाटत नाही.

2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत जुने नऊ कायदे एकत्र आले. हंगामी कारखाने राज्य विम्याबाहेर ठेवणारी तरतूद तिच्यातही तशीच आहे.