अपहार, नोकरीतील : शिक्षण आणि नुकसान

विश्वासाने सोपवलेला पैसा किंवा माल कर्मचाऱ्यानेच लाटणे म्हणजे नोकरीतील अपहार. असे गुन्हे प्रतिष्ठितांच्या हातूनही घडतात, याकडे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी 1939 मध्ये लक्ष वेधले. शिकलेल्याने केलेला अपहार सहसा महागात पडतो, असे अपहार-तपासनिसांची आंतरराष्ट्रीय संघटना एसीएफई आपल्या अहवालांतून सांगत आली आहे. यात पदवीचा दोष तसा थोडा. पदवीने हुद्दा मिळतो आणि हुद्द्याबरोबर सहीचा अधिकार, पासवर्ड, तिजोरीच्या चाव्या. संघटनेच्या 2024 च्या अहवालात साध्या कर्मचाऱ्याच्या अपहारातले मध्यक नुकसान 60 हजार डॉलर, तर मालक वा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या बाबतीत 5 लाख डॉलर आहे.

गल्ल्यातली गेलेली नोट संध्याकाळच्या हिशेबात सापडते. वरची लबाडी थेट ताळेबंदात मुरते.

मुंबईच्या उपनगरांनी हे दोनदा सोसले. भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला केवळ 1,000 रुपये काढता येत होते. बांधकाम व्यवसायातल्या एचडीआयएल समूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी 21 हजारांवर बोगस खाती उभी केल्याचा आरोप थेट व्यवस्थापकीय संचालकांपर्यंत गेला. एवढी कारागिरी काउंटरवरच्या कारकुनाला झेपणारी नव्हेच.

फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रभादेवी आणि गोरेगाव येथील रोकडीत 122 कोटींची तूट निघाली. अटक झाली ती महाव्यवस्थापकाला. लेखाविभागही त्याच्याकडेच होता. तपासात पुढे आलेली गोष्ट तर थक्क करणारी: प्रभादेवीच्या तिजोरीत मावत होते जेमतेम 10 कोटी, वहीत मात्र त्याच्या कित्येक पट रोकड! पोलिसांनी मग लेखापरीक्षकांचीही चौकशी केली. या बँकेवरही निर्बंध आल्याची बातमी येताच अंधेरीतल्या शाखेबाहेर ठेवीदारांची रांग लागली होती.

कायदा शिक्षण पाहत नाही, हुद्दा पाहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 नुसार नोकराने केलेल्या विश्वासघाताला 7 वर्षांपर्यंत कैद, तर बँकचालक वा लोकसेवकाला जन्मठेपही होऊ शकते. ठेवीदारांच्या भरपाईचा प्रश्न वेगळा. ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये 1 लाखावरून 5 लाखांवर गेली. न्यू इंडिया बँक ऑगस्ट 2025 मध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली.