सावत्रपणाच्या तीन पिढ्या : भोसले घराण्यातील मुले आणि वारसाहक्क

१/ राजघराण्यातील बहुपत्नीत्वाची चर्चा प्रायः विवाहांची संख्या आणि सोयरिकींचे राजकारण येथेच थांबते. त्या घरांत वाढणाऱ्या मुलांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न मागे राहतो. भोसले घराण्याच्या सलग तीन पिढ्या त्याचे उत्तर देतात.

२/ पहिली पिढी. शहाजीराजांचा संसार दोन ठिकाणी विभागलेला होता. जिजाबाई व शिवाजी पुणे प्रांतात. तुकाबाई व व्यंकोजी कर्नाटकात. दोघा भावांचे बालपण बहुतांशी वेगवेगळेच गेले. एकाने स्वराज्य उभारले, दुसरा आदिलशाहीचा सरदार राहिला.

३/ १६६४ मध्ये शहाजीराजांचे निधन झाले. वाटणीचा प्रश्न ऐरणीवर आला तो १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात. भेट निष्फळ ठरली; व्यंकोजी रातोरात निघून गेले आणि पुढे लढाईही झाली. अखेर समेट झाला, त्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांचा मोठा वाटा होता.

४/ दुसरी पिढी. शिवाजी महाराजांचे आठ विवाह झाले. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजी जन्मले; ते सव्वादोन वर्षांचे असताना सईबाई गेल्या. दूध कापूरहोळच्या धाराऊंचे, छत्र आजी जिजाबाईंचे. नवव्या वर्षी हे मूल आग्र्याच्या संकटातून गेले.

५/ १६७० मध्ये सोयराबाईंच्या पोटी राजाराम जन्मले. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकात सोयराबाई पट्टराणी झाल्या, तर संभाजी युवराज. म्हणजे पट्टराणीचा पुत्र युवराज नव्हता आणि युवराजाची माता हयात नव्हती. कलहाचे बीज याच रचनेत होते.

६/ अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाबाईंनी देह ठेवला. घरात संभाजींची बाजू मांडणारे वडीलधारे माणूस उरले नाही. १६७८ च्या डिसेंबरात ते दिलेरखानाच्या गोटात गेले. या घटनेची कारणे अनेक. पण गृहकलह त्यांतील एक होता, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

७/ ३ एप्रिल १६८० रोजी महाराज निवर्तले. काही मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवले. त्या मुलाची इच्छा कोण विचारणार? सोयराबाईंचे सख्खे बंधू सरसेनापती हंबीरराव मोहिते यांनी मात्र भाच्याऐवजी संभाजींचा पक्ष घेतला.

८/ संभाजींनी रायगड ताब्यात घेतला. १६८१ मध्ये दुसरा कट उघड झाला, अनेकांना देहदंड मिळाला. त्याच वर्षी सोयराबाईही गेल्या. अकरा वर्षांचे राजाराम पोरके झाले आणि रायगडावर नजरकैदेत वाढले. मात्र संभाजींनी त्यांच्या जिवाला धक्का लावला नाही.

९/ येथे एक आक्षेप रास्त आहे. दारा, शुजा, औरंगजेब आणि मुराद हे चौघेही मुमताजमहलचेच पुत्र. सख्खे असूनही त्यांच्यात रक्तपात झाला. तेव्हा दोष केवळ सावत्रपणाचा नव्हे. वारशाचा सर्वमान्य नियम नसला की भाऊ प्रतिस्पर्धी होतो. बहुपत्नीत्वात प्रत्येक दावेदारामागे एक माता, एक आजोळ आणि दरबारातील एक गट उभा राहतो, एवढाच फरक.

१०/ तिसरी पिढी. १७०० मध्ये राजाराम वारले. ताराबाईंनी आपला चिमुकला पुत्र शिवाजी यास गादीवर बसवले. १७१४ मध्ये राजसबाईंनी पन्हाळ्यावर सत्तांतर घडवून आपला पुत्र संभाजी यास छत्रपती केले. ताराबाई आणि त्यांचा पुत्र कैदेत गेले. पुत्राचे उर्वरित आयुष्य तेथेच सरले.

११/ या साऱ्यात एक प्रसंग वेगळा उठून दिसतो. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले. रायगडावर येसूबाईंपुढे दोन पर्याय होते : सहा वर्षांचा स्वतःचा पुत्र शाहू, किंवा एकोणीस वर्षांचा सावत्र दीर राजाराम, ज्याच्या नावाने पतीविरुद्ध कट झाले होते. त्यांनी राजारामांना निवडले आणि गडाबाहेर पडण्याचा सल्ला दिला.

१२/ रायगड पडला. येसूबाई व शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू सुटले ते १७०७ मध्ये. राजारामांनी जिंजीहून राज्य टिकवले. या मुलांच्या मनात वैर जन्मजात नव्हते. त्यांच्या नावाने डाव मांडणारे मोठेच होते. आणि एकदा एका मोठ्या माणसाने तो डाव नाकारला, तेव्हा राज्य वाचले. त्याची किंमत मात्र पुन्हा एका मुलाच्या बालपणाने चुकवली.